चला तंजावरला... पण आधी गाणं, मग गाव!

"तंजावर? ते सोनेरी पेंटिंगवालं ना?" आमच्या विंगमध्ये बातमी सांगितल्यावर पहिली रिॲक्शन ही होती. दुसरी, "तिकडे रोज इडली खावी लागेल का?" तिसरीची वाट न बघता मी सबमिशन लिहायला बसले.

तर मंडळी, जानेवारी २०२५ मध्ये आमच्या म्युझिक क्लबचे अकराजण, अप्लाइड मेकॅनिक्सचे सर आणि त्यांच्या मिसेस असे आम्ही तेराजण तंजावरला जाऊन आलो. (मॅडम गातात, सर फक्त ताल चुकवतात. हे सरांनीच छापायला सांगितलंय.) तेव्हापासून हॉस्टेलवर रोज कोणीतरी विचारतं, कसं जायचं, काय बघायचं, आणि गाणं कळत नसेल तर बोअर होईल का? प्रत्येकीला वेगळं सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, दहावीपर्यंत लोअर मराठी. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाला हसू नये.

आधी हे प्रकरण काय ते सांगते. एखाद्या जुन्या राजधानीत संगीताचा मोठा उत्सव असतो, तो ग्रुपने गाठायचा, जमलं तर स्वतःही गायचं आणि उरलेल्या वेळात शहर बघायचं. युरोपात शाळा-कॉलेजांचे क्वायर असे व्हिएन्नाला, प्रागला जातात. चर्चमध्ये गातात, बाकी वेळ राजवाडे बघतात. आमच्या शाळेतल्या क्वायरच्या सिस्टर आम्हाला कायम व्हिएन्नाची स्वप्नं दाखवायच्या. प्रत्यक्षात आमची टूर ख्रिसमसला शेजारच्या पॅरिशपर्यंत! पण आपल्याकडेही अशी जागा आहे, आणि ती चक्क मराठ्यांची राजधानी होती, हे मला विसाव्या वर्षी कळलं. सांगितलं कोणी, तर माटुंग्याच्या माझ्या तमिळ रूममेटने.

तंजावरपासून साधारण बारा किलोमीटरवर कावेरीच्या काठी तिरुवैयारू नावाचं गाव आहे. नावाचा अर्थ पाच पवित्र नद्यांचं गाव. बस एकामागून एक पूल ओलांडत जाते, मोजत बसलं तर झोप येत नाही. कर्नाटक संगीतातले सगळ्यात मोठे रचनाकार त्यागराज इथे राहिले आणि ६ जानेवारी १८४७ ला इथेच गेले. पौष वद्य पंचमीला त्यांची पुण्यतिथी असते. तिला तिकडे आराधना म्हणतात. त्या सकाळी त्यांच्या समाधीसमोर शेकडो गायक-वादक जमिनीवर बसून त्यांच्या पाच मोठ्या रचना एकत्र गातात. या पाचांना पंचरत्न कृती म्हणतात. बाकी दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत मांडवात एकामागून एक कलाकार. कोणी मानधन घेत नाही, कोणाला तिकीट नाही, आणि कितीही मोठं नाव असलं तरी वेळ थोडासाच मिळतो. आपल्या गॅदरिंगमध्ये हा रूल लावून बघा, किती जण स्टेजवर येतात!

आता गंमत बघा. त्यागराजांचा जन्म १७६७ चा, म्हणजे ते बीथोव्हेनपेक्षा तीनच वर्षांनी मोठे. त्यांचं जवळजवळ अख्खं आयुष्य मराठी राजांच्या काळात गेलं. मुलूख तमिळ, राजे भोसले, आणि ते गाणी लिहीत तेलुगूत. पंचरत्नांपैकी पहिली कृती तेवढी संस्कृतात, बाकी चार तेलुगू. माझी रूममेट तमिळ असून दहा वर्षं तेलुगू गाणी शिकतेय आणि तिला तेलुगू बोलता येत नाही. मी विचारलं, "मग अर्थ कसा कळतो?" ती म्हणाली, "तू मासमध्ये लॅटिन गायचीस तेव्हा कळायचं का?" विषय संपला.

भोसले तिथे पोचले कसे, हे थोडक्यात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. तिथून १८५५ मध्ये शेवटचे राजे मुलगा नसताना वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं, तिथे भोसले होते. आणि हे राजे नुसते गाणं ऐकणारे नव्हते. शहाजीराजे (व्यंकोजींचे चिरंजीव, आपले नेहमीचे नव्हेत) मराठीत आणि तेलुगूत नाटकं लिहायचे. तुळजाजी पहिले यांनी संगीतशास्त्रावर 'संगीत सारामृत' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. आणि दुसरे सरफोजी हे तर वेगळंच प्रकरण. त्यांना लहानपणी श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याने शिकवलं, म्हणजे एका अर्थाने तेही कॉन्व्हेंटवालेच! त्यांनी दरबारात पाश्चात्य वाद्यांचा बँड ठेवला, युरोपातून पुस्तकं मागवली, आणि जगाचा भूगोल शिकवायला मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं गाण्यांचं नाटक लिहिलं. आम्हाला भूगोल असा शिकवला असता तर माझे मार्क वेगळे असते.

आपलं व्हायोलिन कर्नाटक संगीतात शिरलं ते याच काळात. मी शाळेत सहा वर्षं वेस्टर्न व्हायोलिन शिकले, त्यामुळे तिकडचं वादन बघून आधी धक्काच बसला. वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं डोकं थेट पायाच्या घोट्यावर टेकवतो आणि तारा सा-प-सा-प अशा लावतो. खांदा-हनुवटीने वाद्य धरायची गरजच संपते, डावा हात मोकळा सुटतो आणि तारेवर वरखाली घसरू शकतो. गमक त्यातूनच निघतं. आमच्या टीचरने मला तसं बसलेलं बघितलं असतं तर बो माझ्याच डोक्यात घातला असता. पण डिझाइन म्हणून बघा, वाद्य तेच ठेवून फक्त धरायची पद्धत बदलली आणि सगळी भाषाच बदलली.

आता त्या सकाळच्या पाच कृतींबद्दल, कारण जाण्याआधी एवढं माहीत असलं तर बोअर होत नाही. राग अनुक्रमे नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री. पाचही आदितालात. आदिताल म्हणजे आठ मात्रा. एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं, मग टाळी, हात उलटा, टाळी, हात उलटा. कॅन्टीनमध्ये बसून पाच मिनिटांत येतो. एवढा एक ताल हाताला बसला की तुम्ही मांडवात परके राहत नाही. कडव्यांमध्ये बहुतेक ठिकाणी आधी नुसते स्वर गातात, मग त्याच सुरांवर शब्द. म्हणजे आधी फॉर्म्युला, मग सम! आणि शेकडो माणसं एकत्र गाऊ शकतात याचं कारणही यातच आहे. आपल्याकडे ख्यालात बंदिश दोन-चार ओळींची आणि बाकी सगळा गायकाचा विस्तार. तो शंभर जणांनी एकदम केला तर मारामारी होईल. इथे रचना सुरापासून सुरापर्यंत ठरलेली असते.

हे 'सगळ्यांनी मिळून' प्रकरण मात्र वाटतं तितकं जुनं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलाकारांमध्ये दोन तट होते आणि वेगवेगळ्या आराधना व्हायच्या. बायकांना तर समाधीपुढे गायची परवानगीच नव्हती. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी घराण्यातल्या गायिकेने स्वतःचे पैसे घालून त्या पडक्या समाधीवर मंदिर बांधलं, आणि तिलाच तिथे गाता येईना! तिने मग बायकांचा वेगळा उत्सव सुरू केला. शेवटी १९४० च्या सुमारास सगळे तट एक झाले आणि बायका-पुरुष एका मांडवात बसू लागले. समाधीजवळ तिचा पुतळा आहे, समाधीकडे तोंड करून बसलेला. आमच्या ग्रुपमधल्या मुलींनी तिथे फोटो काढला नाही. का कोण जाणे, कोणी मोबाइल बाहेरच काढला नाही.

आता आमच्या गाढवपणाकडे येते. हा सगळा लेख खरं तर त्यासाठीच.

रूममेटने आम्हा सहा मुलींना दोन महिने हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री पाचवी कृती शिकवली, श्री रागातली. पहिल्या तीनची तोंडओळख करून दिली. चौथी शिकवली नाही, कारण वराळी राग गुरूने शिष्याला समोर बसवून शिकवू नये असा तिकडे समज आहे. "गुरु-शिष्याचं बिनसतं म्हणे," ती म्हणाली. आम्ही हसलो. ती स्वतः सहाव्या वर्षापासून गाते, पण आराधनेला कधी गेली नव्हती. दरवर्षी नेमकी परीक्षा नाहीतर प्रिलिम. या वर्षी पहिल्यांदा जमलं होतं.

आमच्या ट्रेझररने एक्सेलमध्ये प्लॅन केला. १८ जानेवारीचा दिवस असा: सहा वाजता बृहदीश्वर मंदिर, साडेसातला नाश्ता, आठला बस, नऊला पंचरत्न. कागदावर उत्तम. रूममेट म्हणाली, "त्या दिवशी आधी काही नको, पहाटेच जाऊन जागा धरू." आम्ही सगळ्यांनी, मी धरून, मत दिलं की सकाळच्या उजेडात मंदिराचे फोटो चांगले येतात. अकराला एक. ती गप्प बसली.

मंदिराबद्दल काय सांगू! राजराज चोळ याने बांधलं, १०१० मध्ये पुरं झालं. गाभाऱ्यावरचं शिखर साधारण साठ मीटर उंच, सगळं ग्रॅनाइट, आणि आसपास मैलोन्मैल सपाट भातशेती. दगड दुरून आणलेला. शिखर आतून पोकळ आहे, दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेलेला. सिव्हिलची दोन मुलं तिथेच माना वर करून अडकली. गाइड सांगत होता की वरचा घुमट ऐंशी टनांचा अखंड दगड आहे. अभ्यासक म्हणतात तो तुकडे जोडून केलेला आहे. गाइडने असंही सांगितलं की शिखराची सावली जमिनीवर कधी पडतच नाही. सर म्हणाले, "संध्याकाळी बघू."

भिंतींवर राजराजाचे लेख आहेत. त्यात देवळातल्या चारशे नर्तकींची नावं आहेत, कोण कुठल्या गल्लीत, कितव्या घरात राहते यासकट. देवाची स्तोत्रं गायला पन्नास जण नेमले होते, अठ्ठेचाळीस गाणारे आणि दोन वाजवणारे. हजार वर्षांपूर्वीचं मस्टर! म्हणजे गाणं या गावात मराठ्यांनी आणलं नाही. ते आधीपासून पगारी होतं.

आणि मग प्राकाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीपाशी मी उभी राहिले ती राहिलेच. भिंतीवर मराठी! देवनागरी अक्षरं, दाटीवाटीने कोरलेली, ओळींवर ओळी. हा भोसले घराण्याचा इतिहास, सरफोजींनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला, मजकूर बाबूराव चिटणीसांचा. आदल्या दिवशी स्टेशनपासून मला एक पाटी वाचता आली नव्हती. बसवरचं नाव नाही, हॉटेलचं मेनूकार्ड नाही. आणि इथे मी वाचू शकत होते. म्हणजे शकत नव्हते! दोनशे वर्षांपूर्वीची मराठी, अक्षरांची वळणं वेगळी, मी बोट हवेत फिरवत एकेक शब्द जुळवत होते. दुसरीतल्या मुलीसारखी, मोठ्याने. एका तमिळ आजोबांनी थांबून विचारलं, "मराठी?" मी हो म्हटलं, तर त्यांनी नातवाला जवळ बोलावून मला ऐकायला उभं केलं. आता थांबणार कशी? चुकत-माकत वाचत राहिले. घरी मराठी पेपर येतो तो मी कधी उघडत नाही, हे त्या आजोबांना काय माहीत.

लक्षात घ्या, १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्यकारभार इंग्रजांना देऊन टाकला होता. हातात उरला होता राजवाडा, किल्ला आणि तनखा. इकडे पुण्यात १८०३ मध्ये दुसरे बाजीराव इंग्रजांच्या मदतीने परत गादीवर बसत होते. अशा वेळी या माणसाने आपल्या घराण्याची कथा, आजूबाजूला फारशा कोणाला न वाचता येणाऱ्या भाषेत, चोळांच्या भिंतीवर लिहून ठेवली. हा विचार माझ्या डोक्यात चालू असताना ट्रेझरर मागून ओरडला, "अगं, साडेआठ वाजले!"

नाश्ता कॅन्सल. बस मिळाली ती खच्चून भरलेली, आणि तिरुवैयारूच्या अलीकडे सगळं तुंबलेलं. शेवटी उतरून चालत निघालो. लाउडस्पीकरवर गाणं लांबूनच ऐकू यायला लागलं. रूममेटने पावलावर पाऊल टाकत नुसतं ऐकलं आणि म्हणाली, "आरभी संपत आली." तिसरी. मग ती माझ्याशी बोलली नाही. मांडवाच्या कडेला पोचलो तेव्हा वराळी सुरू झाली होती.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. कडेला सतरंजीही नव्हती, मातीतच बसलो. शेजारी एक मामी डोळे मिटून ताल देत होत्या, मांडीवर नातीचं स्वेटर. वराळीचं एक अक्षर आम्हाला येत नव्हतं, नुसता ताल धरला. मी बोटं मोजताना चुकले की मामी डोळे न उघडता माझा हात धरून टाळीवर आणायच्या. मग श्री राग सुरू झाला. आम्ही सहाजणी गायलो. गच्चीवर गाताना आम्हाला आमचा आवाज ऐकू यायचा, इथे स्वतःचा आवाज कुठे गेला ते कळेना. शेकडो गळे, व्हायोलिनं, मृदंग, आणि मी एका ओळीत चुकले तरी कृतीला काही फरक पडला नाही, ती पुढे जात राहिली आणि मला उचलून घेऊन गेली. रूममेट चार माणसं सोडून बसली होती. गात होती आणि रडत होती. तिच्या पाचांपैकी तीन माझ्यामुळे गेल्या होत्या.

मॅडमनी नंतर तिला जवळ घेतलं. मी माफी मागितली तर ती म्हणाली, "मग बोलू." बरोबरच होतं.

म्हणून ज्यांना जायचंय त्यांना हात जोडून सांगते. आराधनेच्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका. मंदिर हजार वर्षं उभं आहे, ते दुपारनंतरही तिथेच असतं. पंचरत्न वर्षातून एकदा, साधारण तासाभराचा कार्यक्रम. त्या पहाटे त्यागराजांच्या घरापासून समाधीपर्यंत भजन गात मिरवणूक निघते, तिच्या आधी पोचा. बाकी व्यावहारिक गोष्टी: पुण्याहून चेन्नई, तिथे सेंट्रलहून एग्मोरला जायचं, ते जवळच आहे, आणि एग्मोरहून रात्रीची गाडी सकाळी तंजावरला सोडते. साठ दिवस आधी रिझर्व्हेशन उघडतं, त्याच सकाळी बसा, कारण बहुतेक वर्षी पोंगलच्या मागेपुढे येतं आणि अख्खं तमिळनाडू गावी निघालेलं असतं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, त्यामुळे तेराजण म्हणजे तीन तिकिटं आणि एका बिचाऱ्याचं वेगळं. (तो बिचारा दुसऱ्या डब्यात गेला आणि सगळ्यात जास्त झोपला.) राहायचं तंजावरमध्येच. माणशी साडेचार हजारांच्या आसपास आलं, त्यातली फिल्टर कॉफी मी मोजत नाही.

शहर दुसऱ्या दिवशी बघितलं. राजवाडा नायकांनी सुरू केलेला, मराठ्यांनी वाढवलेला. दरबार हॉल रंगीबेरंगी, काही ठिकाणी रया गेलेला. सरस्वती महाल ग्रंथालयाचं म्युझियम छोटं आहे, पण आत ताडपत्रं, हस्तलिखितं, आणि मराठी पोथ्या हजारोंनी आहेत म्हणे. मोडी कागद वाचणारे कमी पडतात असं ऐकलं. मोडीचा क्लास आपल्या इथे कुठे असतो का? सीरियसली विचारतेय. श्वार्ट्झचं चर्च १७७९ चं. आत संगमरवरी शिल्पात श्वार्ट्झ मरणशय्येवर आणि शेजारी सरफोजी. मी तिथे बराच वेळ बसले. वीणा करणाऱ्यांचा वर्कशॉप मात्र चुकवू नका. फणसाचं लाकूड, चोवीस पडदे, आणि पडदे खिळ्याने नाही तर काळ्या मेणात बसवतात. कारागीर तार छेडून, कानाने ऐकून पडदा केसभर सरकवतो. सरांनी विचारलं, "मेजरमेंट?" त्याने स्वतःच्या कानाला हात लावला.

सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं असं एका हॉटेलमालकाने छातीठोकपणे सांगितलं. पुरावा विचारल्यावर अजून एक वाटी वाढली.

निघायच्या दिवशी संध्याकाळी चार-साडेचारला रूममेट म्हणाली, "चल, तुझी भिंत दाखव." आम्ही दोघीच गेलो. शिखराची सावली अंगणात लांबलचक पसरली होती. आम्ही ती पावलांनी मोजायचा प्रयत्न केला आणि शंभराच्या पुढे हिशोब चुकला. मग भिंतीपाशी गेलो. ती म्हणाली, "वाच." मी वाचलं. अडखळले की ती म्हणायची, "परत. त्या शब्दापासून." अगदी गच्चीवरच्यासारखी. अर्धी ओळ तिने माझ्या मागून म्हणूनही बघितली, तिचे 'ळ' माझ्यापेक्षा चांगले आहेत. देऊळ बंद होईपर्यंत थांबलो असतो, पण गाडी होती. साडेतीन ओळी झाल्या. बाकीची भिंत पुढच्या जानेवारीत, पंचरत्न झाल्यावर. तिकिटं मी काढणार आहे, ट्रेझररने एक्सेल उघडायचं नाही असं ठरलंय.